पडद्यामागचं कपाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात एकाच विषयावर दोन पत्रं आली. एका गृहस्थांचं म्हणणं, मोबाइलवरचं सगळं अश्लील सरकारनं एका फटक्यात बंद करावं आणि बघणाऱ्याला बिंदू चौकात उभं करावं. त्यांना एका तरुणानं उत्तर दिलं, की गोष्टी, काढलेली चित्रं, ॲनिमेशन हे सगळं कल्पित असतं, त्यात खरं माणूस कुणी नसतं, मग कुणाचं काय जातं? दोन्ही पत्रं मी दोनदोनदा वाचली. दोघांपैकी एकालाही हा माल हातानं देण्याघेण्याचा अनुभव नसावा. मला आहे, म्हणून लिहितो.

१९८१ ते २००९ या काळात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं भाड्यानं पुस्तकं देण्याचं दुकान होतं. बोर्डावर ‘वाचनालय’ लिहिलं होतं, पण खरं ते दुकानच. दहा बाय बाराची खोली, समोर रहस्यकथा, ऐतिहासिक कादंबऱ्या, दिवाळी अंक, आणि आत मोरीच्या बाजूला एक कपाट. त्याला काच नव्हती, छापील फुलाफुलांचा पडदा होता. त्या पडद्यामागं काय होतं ते पेठेतल्या प्रत्येक पुरुषाला माहीत होतं आणि प्रत्येक बाईला माहीत नसल्यासारखं दाखवावं लागत होतं. पिवळी पुस्तकं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, पाठीवर नावाऐवजी नुसता आकडा. रजिस्टरमध्येही आकडाच. समोरचं पुस्तक आठ आणे रोज, आतलं रुपया रोज. खोटं कशाला सांगू, दुकानाचं भाडं आतलं कपाट भरत होतं.

माझा नियम एकच. मिसरूड नीट फुटल्याशिवाय पडद्यामागं जायचं नाही. शंका आली तर मी विचारायचो, “मतदान केलंस काय रं?” पोरगं लाजून एखादी रहस्यकथा घेऊन जायचं. तेव्हा मला वाटायचं, एवढा नियम पाळला की आपण सुटलो.

त्यामुळं ‘सगळं बंद करा’ म्हणणाऱ्यांना आधी सांगतो. हा वाद मराठीला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण ती उत्तरं आज कुणी वाचली तर त्यात अश्लील काय होतं ते शोधावं लागेल. पुढं ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९६९ साली तिथं सुटली. काकोडकर माझ्या पुढच्या कपाटात असायचे, पडद्यामागं नाही, आणि त्यांना बायकाही न्यायच्या. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं आणखी स्पष्ट केलं, की अश्लीलता ठरवताना एखादा तुकडा किंवा सगळ्यात हळव्या मनाचा वाचक धरून चालणार नाही, आजच्या समाजाची नजर आणि सगळा संदर्भ बघायला हवा. थोडक्यात, शृंगार आणि गुन्हा यांत अंतर आहे हे आपल्याकडं पुष्कळ भांडून ठरलेलं आहे. ते एका पत्रानं पुसू नये.

आता त्या तरुणाच्या ‘कुणाचं काय जातं’कडं येतो. त्याआधी एक रात्र सांगायला हवी.

आमच्या वरच्या खोलीत गडहिंग्लजकडचा एक मुलगा भाड्यानं राहतो. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. माळकरी घरातला, सरळ. दिवाळीनंतरची गोष्ट, रात्री एकला दार वाजलं. पोरगं थरथरत होतं, हातात लॅपटॉप. पडदाभर लाल अक्षरं, कोपऱ्यात अशोकस्तंभ, वर कसल्याशा मंत्रालयाचं नाव. ‘बंदी असलेले लैंगिक साहित्य पाहिल्याबद्दल तुमचा संगणक गोठवण्यात आला आहे. एका तासात २८,५०० रुपये दंड भरा, अन्यथा अटक.’ खाली क्यूआर कोड आणि सेकंद उलटे मोजणारं घड्याळ.

“काका, पैसं भरू काय? मित्राकडनं धा हजार उसनं मागितल्यात.”

माझी बायको आतून आली. ती महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली आहे. तिनं चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, “अटक करणारे लोक घड्याळ लावून बसतात होय रे? आणि मंत्रालयाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही?” तिनं पॉवरचं बटण दाबून धरलं. दहा सेकंदांत मंत्रालय विझलं.

ही फसवणूक आता घरोघर पोचली आहे म्हणून ठळक लिहितो. पोलीस ब्राउझरमध्ये येऊन दंड मागत नाहीत. व्हिडिओ कॉलवर कोंडून ठेवणारी ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. कुणी पैसे भरून बसलं असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, जितका लवकर तितकी रक्कम थोपवली जाण्याची शक्यता जास्त. फसवणारे याच विषयाला का धरतात? कारण यात माणूस कुणालाच विचारू शकत नाही. आमचा भाडेकरू खाली आला हे त्याचं नशीब. किती जण वरच्या खोलीतच पैसे भरून मोकळे होत असतील.

सकाळी चहाला त्यानं मान खाली घालून विचारलं, “पण काका, ते बनावट असलं तरी मी बघत होतो ते खरंच गुन्हा हाय काय?”

मला नीट सांगता येईना. अठ्ठावीस वर्षं त्याच धंद्यात असून सांगता येईना. म्हणून मी माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडं गेलो. ते वकील आहेत. (पडद्यापुढचे गिऱ्हाईक, असं त्यांनी लिहायला सांगितलं आहे.) २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून त्यांना गाठणं म्हणजे महाद्वार रोडला दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी लावण्यासारखं झालंय. तरी त्यांनी तासभर दिला. त्यांचं सांगणं माझ्या भाषेत मांडतो.

सज्ञान माणसानं, सज्ञान माणसांनी संमतीनं केलेलं किंवा त्यांच्याबद्दल लिहिलेलं, स्वतःच्या खोलीत, स्वतःपुरतं बघणं-वाचणं यावर कायदा धावून येत नाही. २०२३ साली केरळ हायकोर्टानं असंच म्हटलं. रस्त्याकडेला मोबाइलवर एकट्यानं बघत बसलेल्या एका माणसावरचा खटला कोर्टानं रद्द केला. केरळचा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नसतो, पण वकील त्याचा दाखला देतात. (त्याच निकालात न्यायमूर्तींनी आईबापांना सांगितलंय, की पोरांना मैदानावर खेळू द्या आणि बाहेरून मागवण्यापेक्षा आईच्या हातचं खायला घाला. आईनं मैदानावर कधी जायचं ते सांगितलेलं नाही, इति आमच्या बाई.)

मग गुन्हा सुरू कुठं होतो? माझा अंदाज होता, काहीतरी फार भयंकर केल्यावर. वकील म्हणाले, “अंगठ्यानं. फॉरवर्डच्या बाणाला अंगठा लागला की.” माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७, अश्लील मजकूर पाठवला तर पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृत्य दाखवणारं असेल तर कलम ६७-अ, पाच वर्षांपर्यंत आणि दहा लाखांपर्यंत. बघणारा सुटतो आणि पाठवणारा अडकतो. आणि न मागता एखाद्या बाईला दाखवलं तर तो लैंगिक छळ. मग ती बायकोची मैत्रीण असो की ऑफिसातली क्लार्क.

हे ऐकून मला घाम फुटला, तो त्या पोराच्या काळजीनं नव्हे. रंकाळ्यावर पहाटे साडेपाचला फिरायला येणारे आम्ही चौदा जण आहोत. बँकेतून, शाळांतून, साखर कारखान्यांतून निवृत्त झालेले. आमचा एक ग्रुप आहे. सहाला गुलाबाचं फूल आणि सुविचार, साडेसहाला कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी आणि रात्री दहानंतर ‘ते’. पाठवणाऱ्याचं वय बहात्तर. एकदा त्याच्याकडून चुकून ते सोसायटीच्या ग्रुपवर गेलं, त्या ग्रुपमध्ये सुना होत्या. ‘हॅक झालं’ म्हणून त्यानं वेळ मारून नेली. तरुण पिढी बिघडली म्हणून आपल्या वर्तमानपत्राला पत्रं लिहिणाऱ्यांपैकी निदान एक जण आमच्या त्या ग्रुपमध्ये आहे, एवढंच सांगतो. मी त्याच संध्याकाळी बाहेर पडलो. कारण विचारलं तर सांगितलं, मोबाइलची मेमरी भरली.

आता खरा मुद्दा. ‘कल्पित’.

दोन चहांनंतर पोरानं हळूच सांगितलं, की हॉस्टेलवरच्या मित्रांचा एक ग्रुप आहे, त्यात काढलेल्या चित्रांच्या गोष्टी येतात. त्यातल्या काही पात्रांना शाळेचा गणवेश असतो, अंगलट पोराटकी असते. कुणी हटकलं तर उत्तर तयार. गोष्टीत तिचं वय पाचशे वर्षं लिहिलंय, आणि शेवटी चित्रच तर आहे.

मी हेच वकिलांना विचारलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. इथं बघणारा सुटत नाही, म्हणाले. त्याच कायद्यातलं कलम ६७-ब नुसतं पाठवण्यापुरतं नाही. मुलांना अश्लील किंवा लैंगिक रूपात दाखवणारा मजकूर वा चित्रं तयार करणं, गोळा करणं, शोधणं, चाळणं, उतरवून घेणं, देणंघेणं, सगळं त्यात येतं. मजकूर हा शब्द त्यात आहे, म्हणजे नुसती लिहिलेली गोष्टसुद्धा. मूल म्हणजे अठरा पूर्ण न झालेलं. पहिल्या खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. शास्त्र, साहित्य, कला, शिक्षण यांसाठी खरोखर असलेल्या गोष्टींना त्यात सूट आहे. आपली ही चित्रकथा त्या सुटीत बसते असं न्यायाधीशाला पटवून द्यायची कुणाची तयारी असेल तर त्यानं खुशाल उभं राहावं.

शिवाय पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा. तो २०१२ चा. २०१९ साली त्यात व्याख्या घातली गेली. त्यात खऱ्या मुलाचा फोटो आणि व्हिडिओ तर आहेच, पण खऱ्या मुलापासून वेगळी ओळखू येणार नाही अशी संगणकानं केलेली प्रतिमा आहे, आणि तयार केलेली वा बदललेली, पण मूल दाखवते असं दिसणारी प्रतिमाही आहे. ‘दिसणारी’ हा शब्द महत्त्वाचा. पाचशे वर्षांची सबब त्या एका शब्दापाशी अडते. पाचशे हा आकडा लिहिणाऱ्यानं लिहिलेला आहे, डोळ्यांना दिसतं ते मूल.

२३ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं यावर मोठा निकाल दिला. मद्रास हायकोर्टानं त्याआधी जानेवारीत एका तरुणाला सोडलं होतं, त्यानं असं साहित्य फोनवर उतरवलं होतं पण कुणाला पाठवलं नव्हतं म्हणून. सुप्रीम कोर्टानं तो निकाल उलटवला. जवळ ठेवणं म्हणजे फक्त डाउनलोड नव्हे, ते आपल्या नियंत्रणात ठेवून ऑनलाइन बघणंही त्यात येऊ शकतं असं सांगितलं. अनोळखी लिंक आली, उघडली, आत असलं काही दिसलं आणि लगेच बंद केली, तर? नुसतं बंद करून जबाबदारी संपत नाही, कळवायला हवं. आणि आणखी एक गोष्ट त्या निकालात आहे, जी मला, म्हणजे एका जुन्या पुस्तकवाल्याला, सगळ्यात जास्त लागली. कोर्टानं ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच वापरू नका असं सांगितलं. कारण त्या शब्दानं हा करमणुकीचाच एक प्रकार वाटतो. तो मुलांच्या शोषणाचा आणि छळाचा पुरावा आहे, तसंच म्हणा. आमच्या धंद्यात आम्ही सगळ्याला एकच शब्द वापरायचो, ‘आतलं’. एका शब्दाखाली काय काय खपून जातं ते मला ठाऊक आहे.

‘कळणार कुणाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी: बड्या कंपन्या असल्या मजकुराची माहिती अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राला देतात. २०१९ च्या करारानुसार भारताशी संबंधित माहिती तिथून दिल्लीला एनसीआरबीकडं, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या राष्ट्रीय विभागाकडं येते आणि तिथून राज्याच्या पोलिसांकडं. कोल्हापूरच्या गल्लीतल्या खोलीपर्यंत हा रस्ता येतो.

पोरगं ऐकून पांढरंफटक पडलं. मी म्हणालो, तू आधी ग्रुप सोड. तक्रार सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर नाव न सांगताही करता येते, ती केली. पण तो एक वाक्य बोलला ते मला विसरता येत नाही. “काका, पयल्यांदा बघितलं तवा कसंतरी झालतं. मग नंतर काय वाटंना.” मला वाटतं, कायद्याच्या सगळ्या कलमांच्या आधी माणसानं स्वतःच्या ह्या ‘काय वाटंना’कडं बघावं. आणि ज्याला जाणवतंय की आपली नजर लहान मुलांकडंच वळते आहे, त्यानं काही घडायची वाट बघू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडं जावं. नुसत्या मनातल्या विचारांसाठी कुणी पकडत नाही. तेवढ्यावर मदत मागता येते, पुढं गेल्यावर ती फार महाग पडते.

कल्पिताचा दुसरा प्रकार याहून ताजा आहे. आमच्या बाईंची एक जुनी विद्यार्थिनी गेल्या वर्षी घरी आली होती, तिच्या धाकट्या बहिणीसाठी. बहीण कॉलेजात. जोतिबाला गेली तेव्हाचा फोटो, गुलाल लागलेला, कपाळावर केस आलेले, हसरा. तिनं इन्स्टाग्रामवर टाकला होता. वर्गातल्याच कुणीतरी एका ॲपमध्ये तो घातला आणि त्या चेहऱ्याखाली उघडं शरीर जोडून घेतलं. मग ते फिरलं. कोण फिरवतंय ते कळल्यावर त्या मुलाच्या वडिलांचं बोलणं असं, “खरं कुठं हाय ते? कंप्यूटरनं केलंय. तुमच्या पोरीचं अंग न्हवंच ते.”

अंग नव्हे, मान्य. पण गुलाल तिचा होता. चेहरा तिचा, गाव तिचं, उद्या बघायला येणारं स्थळ तिचं. हे कल्पित नव्हे. कल्पित पात्र सकाळी उठून कॉलेजला जात नाही. अशा बनावट चित्रांना ६७ आणि ६७-अ लागू शकतात, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर ६७-ब आणि पॉक्सोही. त्या घरानं तक्रार केली, मुलीनं परीक्षा दुसऱ्या केंद्रावर दिली. त्यापुढचं मी लिहीत नाही, तिला ओळखणारे हे पत्र वाचतील. फक्त ज्यांनी ते ‘बनवलं नाही, पाठवलं नाही, नुसतं बघितलं’ त्यांना विचारतो, बघताना चेहरा ओळखला होता ना?

राहिला तो भाग, जिथं गुन्हा काहीच नाही आणि नुकसान मात्र आहे. यावर बोलायला मला सगळ्यात अवघड जातं.

आमच्या भाडेकरूला मी डॉक्टरकडं नेलं. तो आधी तयार नव्हता. त्याच्या लेखी तो पापी होता, आजारी नव्हे. डॉक्टरांनी त्याला बराच वेळ बोलू दिलं. मग विचारलं, झोप किती? कॉलेजला किती दिवस गेला नाहीस? बंद करायचं ठरवून किती वेळा मोडलं? बघून झाल्यावर बरं वाटतं का, की आता तेही वाटत नाही? पोरगं म्हणालं, बरं वाटायचं थांबून वर्ष झालं. पहाटे तीनपर्यंत जागतो. पाचव्या सेमिस्टरचे दोन विषय राहिलेत, जेवणाच्या डब्याचे पैसे एका साइटला गेलेत.

डॉक्टर म्हणाले, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, याला नाव आहे. लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटणं, आवेग न आवरण्याच्या विकारांमध्ये ते घातलंय. पण त्यात अटी आहेत. किती तास किंवा काय बघतो एवढ्यावर ते ठरत नाही. सहाएक महिने किंवा त्याहून जास्त चाललेलं हवं, तब्येत, कामधंदा, नाती मागं पडलेली हवीत, थांबायचे प्रयत्न फसलेले हवेत. आणि त्या यादीत मुद्दाम लिहिलंय, की नुसतं ‘हे पाप आहे’ म्हणून होणारी तळमळ म्हणजे हा आजार नव्हे. आठवड्यात एकदा बघून महिनाभर स्वतःला कोसणारा माणूस आजारी नसतो. त्याला शिव्या नकोत आणि गोळ्याही नकोत. आमचं पोरगं मात्र दोन्हीत होतं, कोसतही होतं आणि बुडतही होतं. डॉक्टरांनी त्याला आधी कोसणं थांबवायला सांगितलं. मला ते उलटं वाटलं. ते म्हणाले, “लाज वाटली की तो परत तिथंच जातो, लाज विसरायला.”

ज्यांना खासगी डॉक्टर परवडत नाही त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेही नको असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे. तो फुकट आहे, मराठीत बोलतात आणि चेहरा दाखवावा लागत नाही. आमचा भाडेकरू आता फोन रात्री दहाला आमच्या फ्रिजवर आणून ठेवतो. दोनदा तो मध्येच खाली आला, फोन मागायला. एकदा मी दिला, एकदा बाईंनी दिला नाही. राहिलेल्या दोन विषयांतला एक सुटला. दुसऱ्याचं मे महिन्यात कळेल.

हे सगळं बघताना मला माझं जुनं रजिस्टर आठवत राहिलं. धंदा बंद केला तरी रजिस्टरं माळ्यावर आहेत. १९९४ च्या रजिस्टरमध्ये एक माणूस आहे. उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर. आधी शनिवारी एक पुस्तक न्यायचा, पगाराच्या दिवशी दोन. मी त्याला चांगला वाचक समजत होतो. मग दिवसाआड यायला लागला. मग रोज. मग दिवसातून दोनदा, पहिल्या पाळीच्या वेळेत, म्हणजे कामावर जात नव्हता. आकडे बघितले तर तीच तीच पुस्तकं, ११७, ४२, ११७, ९०, ११७. त्यात नवं काही नव्हतंच. डॉक्टरांनी पोराला जे चार प्रश्न विचारले त्या चारही प्रश्नांची उत्तरं माझ्या हस्ताक्षरात माझ्यासमोर लिहिलेली होती, आणि मी त्याखाली ‘जमा’ लिहीत होतो.

एके दुपारी त्याची बायको आली. पदराखाली काहीतरी गुंडाळलेलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत पायरीवर थांबली. मग पदराखालचं पुस्तक काढून टेबलावर पालथं ठेवलं. ११७. म्हणाली, “त्यास्नी आता देऊ नगा. काम गेलंय.” मी मान डोलावली. तिनं विचारलं, ह्याचं किती झालं? मी रजिस्टर उघडलं. सव्वीस दिवसांचे सव्वीस रुपये. तिनं कमरेच्या पिशवीतून मोजून दिले. सुट्ट्यासाठी दोनदा मोजले.

मी ते घेतले.

आपला,
मंगळवार पेठेतला एक जुना वाचनालयवाला, कोल्हापूर

(ता. क. – माझं नाव छापू नये. माझ्यासाठी नव्हे, वर राहणाऱ्या मुलासाठी. हे पत्र पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवलं आहे. खऱ्या गावाचं नाव काढून दुसरं काहीतरी लिहा म्हणाला होता, ते लिहिलं आहे.)